चार हजार मीटर, धुरकट

तासकाकांना तासकाका का म्हणतात, हे त्यांच्या इमारतीत राहायला आलेल्या माणसाला दुसऱ्याच दिवशी कळतं. दर तासाला दहा मिनिटं कमी असताना हा गृहस्थ हातातलं काम टाकून उठतो. दाढी अर्धी झालेली असो, समोर पाहुणे बसलेले असोत, काटा पन्नासवर आला की स्वारी जिना चढून गच्चीवर. ढग किती, कुठल्या जातीचे, वारा कुठून, हे सगळं डोळ्यांनी टिपायचं आणि मुकाट्याने खाली यायचं. छोट्या विमानतळावरच्या हवामान केंद्रात तेहतीस वर्षं निरीक्षक म्हणून त्यांनी हेच केलं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी ते अंगात मुरलेलं जात नाही. "नोकरी सुटली, जिना सुटला नाही," असं त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

तेहतीस वर्षं काकांनी आकडे लिहिले. वारा इतका, ढग इतके, दृश्यमानता म्हणजे किती लांबचं दिसतं ते इतकं. लिहायचे, पाठवायचे, विसरायचे. त्या आकड्यांचं पुढे काय होतं हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. विमानात बसण्याचा योग आयुष्यात दोनदा आला आणि दोन्ही वेळा खिडकी दुसऱ्याची होती.

निवृत्तीनंतर जावयाने मुलीच्या जुन्या अभ्यासाच्या खोलीत फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे घरबसल्या विमान उडवायचा संगणकावरचा खेळ, बसवून दिला. टेबलाला चिमट्याने घट्ट केलेला दांडा, खाली दोन पेडल, समोर मोठा स्क्रीन, बसायला जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणि तिच्यावर दोन उशा. काका आठवड्यात कंटाळले. विमान झकास होतं, आभाळ मात्र रंगाच्या डबीतलं. बारा महिने तेच निळं, त्यात कापसाचे तेच बोळे. "याला काय आभाळ म्हणतात? भिंत आहे नुसती!" असं म्हणून ते गच्चीवर निघून जात.

मग हवामानाचा ॲड-ऑन आला. जगभरची केंद्रं दर तासाला जे कळवतात ते उचलून हा ॲड-ऑन स्क्रीनवर तसंच्या तसं आभाळ उभं करतो, असं जावयाने फोनवर सांगितलं. काकांनी "बघू" म्हटलं, विमान आपल्याच विमानतळाच्या धावपट्टीवर उभं केलं आणि कळ दाबली. स्क्रीनवर ढगांचं करडं छत सरकत खाली आलं, पश्चिमेकडून वारा सुटला, काचेवर बारीक थेंब धरू लागले. काका उठले आणि धावत गच्चीवर गेले. तेच करडं छत, तोच वारा, तीच बुरबुर!

"अगं! अगं, लवकर ये!"

काकू ओल्या हातांनी धावत आल्या. त्यांना वाटलं, ह्यांना शॉक बसला.

"तेच आहे! बाहेर आहे तेच आत आहे!"

"मग बाहेरच बघा की," काकू म्हणाल्या. "वीज तरी वाचेल."

काकूंना हसायला काय जातं? केंद्रात त्या क्षणी कोणीतरी कठड्यापाशी उभं राहून चार आकडे लिहिले होते आणि त्या चार आकड्यांचं हे आभाळ झालं होतं. म्हणजे तेहतीस वर्षं आपण आभाळच पाठवत होतो की, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना आनंदाने रडू आलं. ते त्यांनी काकूंना सांगितलं नाही, पण काकूंना दिसलं.

तेव्हापासून काका रोज उडतात. रविवारी सकाळी तर पंधरा-सोळा घरगुती वैमानिक आपापल्या घरून एकत्र उडतात. त्यात एक दाताचे डॉक्टर आहेत, एक शाळेच्या बसचा चालक आहे, एक ग्रंथपाल बाई आहेत. सगळे हेडफोन लावून एकाच आभाळात. तो ॲड-ऑन बनवणारी बाईही त्यांच्यात असते. ती दिवसा चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते आणि उरलेल्या वेळात जगाचं आभाळ रंगवते. सगळे तिला ढगवाली म्हणतात. ढगांबद्दल काही अडलं की ढगवालीसुद्धा काकांना विचारते. त्या दिवशी काकांची मान जरा जास्तच ताठ असते.

आपला विमानतळ हुबेहूब दिसावा म्हणून काकांनी महिनाभर खपून स्क्रीनवर एक भर घातली होती. केंद्राच्या पूर्वेला पाच किलोमीटरवर बंद कारखान्याचं एक उंच धुराडं होतं, त्यावर तीन तांबडे पट्टे. ते धुराडं काकांनी पट्ट्यांसकट तिथे उभं केलं. नोकरीत रोज बारा वेळा बघितलेली गोष्ट. ती नसेल तर विमानतळ कसला?

आणि गेले तीन महिने नेमका याच विमानतळाला काहीतरी आजार झाला होता. जगभर लख्ख आणि काकांच्या धावपट्टीवर धुरकं. उड्डाण करावं, शंभर फुटांवर जावं, तर समोर सगळं दुधाळ. धुराडं अगदी नाकाशी आल्यावर दिसायचं. गच्चीवर जाऊन बघावं, तर हवा काचेसारखी. काकांची गच्ची केंद्राच्या दक्षिणेला, पाच किलोमीटरवरच्या टेकाडावर. कुंड्यांना काकूंनी हल्लीच विटांची बैठक केली होती. त्या कुंड्यांच्या रांगेपाशी उभं राहून काका दुर्बीण लावायचे, तर विमानतळावरचा वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी नळा साफ दिसायचा. शेवटी गुरुवारी त्यांनी ढगवालीला फोन लावला.

"तुझ्या ॲड-ऑनला मोतीबिंदू झालाय," ते म्हणाले. "आमच्याकडे रोज धुरकं घालतोस तू... घालतेस तू."

रागात काकांची जीभ अशी घसरते. ढगवाली हसली नाही.

"काका, मी काहीच घालत नाही. तुमचं केंद्र कळवतं तेच दाखवते. ते दर तासाला म्हणतं, चार हजार मीटर, धुरकट. तीन महिन्यांत त्याच्या वर एकदाही गेलं नाही."

"शक्यच नाही! मी आत्ता गच्चीवरून आलोय!"

"तेच तर ना. शेजारची तिन्ही केंद्रं दहा हजार म्हणतात, उपग्रहाचं चित्रही स्वच्छ आहे. एकटं तुमचंच वेगळं. काका, मी तुम्हाला सांगणारच होते. रविवारी नवी आवृत्ती काढतेय. भरवशाची नाहीत अशी चौदा केंद्रं त्यातून वगळणार आहे. त्यात तुमचं नाव आहे. तिथलं आभाळ मी शेजारच्या केंद्रांवरून अंदाजाने भरेन."

अंदाजाने! हा शब्द काकांनी तेहतीस वर्षं केंद्राच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिला नव्हता. आपलं केंद्र भरवशाचं नाही? हजारो घरांत माणसं उडतील आणि आपल्या धावपट्टीवरचं आभाळ कोणाकडून तरी उसनं आणलेलं असेल? काकांना जेवण गेलं नाही. त्यांना आतून तुटल्यासारखं झालं. पण बसून राहणाऱ्यांतले ते नव्हेत. रविवारपर्यंत खरं काय ते शोधायचं आणि केंद्राचं नाव राखायचं, एवढं त्यांनी ठरवून टाकलं.

गुन्हेगारही त्यांनी ठरवूनच टाकला होता. तीन महिन्यांपूर्वी केंद्रात बदलून एक नवी निरीक्षक आली होती. ती खुर्चीतून न उठता आकडे ठोकत असणार! शनिवारी सकाळी काका दुर्बीण गळ्यात अडकवून निघाले.

"भांडायला निघालात?" काकूंनी विचारलं.

"विचारायला."

"मग दुर्बीण कशाला?"

"पुरावा!" म्हणून काकांनी स्कूटरला किक मारली.

केंद्रातली खोली तशीच होती. तेच टेबल, तोच वायुभारमापक, बाहेर तोच कठडा. नवी निरीक्षक त्यांच्या मुलीच्या वयाची. काकांनी ओळख सांगितली, घसा साफ केला, आता सुनवणार इतक्यात तिने घड्याळ बघितलं.

"काका, एक मिनिट हं. दहा मिनिटं कमी आहेत, निरीक्षण घेऊन येते."

हे वाक्य तर काकांचं होतं. ते तिच्या मागोमाग कठड्यापाशी गेले. पोरीने पश्चिमेपासून सुरुवात केली, जशी करावी तशी. आभाळाचे आठ भाग कल्पून ढग मोजले, एकदा मोजून पुन्हा मोजले. काकांना नाव ठेवायला जागा सापडेना. मग तिने खुणांचा तक्ता हातात घेतला, पूर्वेकडे तोंड केलं आणि डोळे बारीक करून खूप वेळ बघत राहिली.

"नाहीच दिसत," ती म्हणाली आणि लिहायला वळली.

"काय नाही दिसत?"

"धुराडं. या तक्त्यात आहे ना, पूर्वेचं धुराडं. तिन्ही पट्टे मोजता आले तर दहा हजार, नुसतं अंधुक दिसलं तर पाच हजार, दिसलंच नाही तर चार. आल्यापासून रोज शोधतेय, एकदाही दिसलं नाही. मग धुरकटच लिहावं लागतं!"

काकांनी पूर्वेकडे बघितलं. मैदान, झाडांची रांग, तिच्यावर धुऊन पुसून ठेवलेलं आभाळ. धुराडं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला. दुर्बीण लावली. धुराडं नव्हतंच! त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, ते धुराडं कुठे गेलं?"

"कुठलं?"

"कारखान्याचं! पट्ट्यांचं!"

"ते होय? ते पाडलं की. चार महिने होत आले. कुंड्यांखाली काय आहे मग आपल्या? त्याच्याच विटा. टेम्पोवाला विकत होता, मी घेतल्या. तुम्हीच तर वर चढवल्यात, कंबर गेली म्हणून ओरडत."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं. तुम्ही उडत होतात."

काकांनी फोन खाली ठेवला. आता आठवलं, दोन-तीन विटांना तांबडा रंग होता. गच्चीवरून पूर्वेचं काही दिसत नाही, जिन्याची खोली मध्ये येते. आणि स्क्रीनवर ते धुराडं रोज दिमाखात उभं होतं, कारण ते त्यांनीच उभं केलं होतं. खरं कधीच पडलं होतं आणि काका रोज खोट्याभोवती घिरट्या घालत होते.

पण खरा दणका पुढेच होता. त्यांनी तक्ता हातात घेतला. वळणदार अक्षर, खाली तांबड्या शाईत ठळक ओळ: अंदाज करू नये, खूण दिसली तरच दिसली म्हणावी. आणि त्याखाली सही. अक्षर, शाई, सही, सगळं तासकाकांचंच, सव्वीस वर्षांपूर्वीचं.

पोरगी घाबरली होती. "माझं काही चुकलं का, काका? मला वाटत होतं हवा बरी आहे, पण इथे लिहिलंय अंदाज करू नये, म्हणून मी..."

काकांचे कान लाल झाले. सकाळपासून मनात घोळवलेलं भाषण त्यांनी गिळलं.

"तुझं काहीही चुकलं नाही," ते म्हणाले. "तू सांगितल्याबरहुकूम केलंस. सांगणाराच खूण बघायला परत आला नाही. चूक माझी आहे."

एवढं बोलून टाकल्यावर मात्र काकांच्या अंगात वीज शिरली. नवी खूण हवी! काळपट हवी, मागे मोकळं आभाळ हवं, पाच किलोमीटरच्या आसपास हवी. दोघं कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नाचू लागले. पूर्वेला काही नाही. उत्तरेला झाडं फार जवळ. पश्चिमेला तर दूरवर सपाट रान. काकांनी दुर्बीण दक्षिणेला वळवली आणि ओरडलेच.

"काजळी!"

काजळी म्हणजे काकांच्या इमारतीच्या गच्चीवरची जिन्याची खोली. गळते म्हणून तिला काकांनी हट्टाने सगळीकडून डांबर फासून घेतलं होतं. त्यावरून इमारतीच्या सभेत रणधुमाळी झाली होती. शोभा घालवली म्हणून अजून दोन बिऱ्हाडं काकांशी बोलत नव्हती. आणि आता ती टेकाडावर, आभाळाला टेकून, काळी कुळकुळीत उभी होती. पोरीने नुसत्या डोळ्यांनी बघितलं. "दिसतंय! ते काळं चौकोनी ना? कडासुद्धा दिसतात!" नकाशावर पट्टी ठेवून दोघांनी अंतर मोजलं, पाच हजार शंभर मीटर भरलं. तिने वरिष्ठांना फोन केला. संध्याकाळी उत्तर आलं, रविवारी नऊच्या निरीक्षणापासून नवी खूण धरावी, कडा स्पष्ट दिसल्या तर दहा हजार.

त्या संध्याकाळी काकांनी ढगवालीला सगळं सांगितलं. सांगायला जड गेलं, पण काही लपवलं नाही. ती ऐकून घेऊन म्हणाली, "काका, मी तुमचा शब्द मानते. पण बाकीच्या तेरांनाही काही ना काही कारण असेलच. मला जुळताना दिसायला हवं. उद्या आठला सगळे तुमच्याच धावपट्टीवरून उडू. नऊचा आणि दहाचा अहवाल बघू. जुळले तर राहील. आवृत्ती दुपारी निघते." फोन ठेवून काकांनी स्क्रीनवरचं धुराडं स्वतःच्या हाताने पुसलं आणि दक्षिणेच्या टेकाडावर एक काळी चौकोनी खोली ठेवली.

रविवारी आठला पंधरा विमानं जुन्याच धुरक्यात उडाली. "काका, धुराडं कुठे गेलं?" बसचालकाने विचारलं. "कुंड्यांखाली," काका म्हणाले. एवढ्यात काकू दारात आल्या. हातात ओले कपडे तसेच.

"अहो, गच्चीवर काही दिसत नाहीये. धुकं पडलंय!"

काका हेडफोन टाकून वर पळाले. तीन महिने काचेसारखी असलेली हवा आजच रुसली होती. खालचा रस्तासुद्धा अर्धवट दिसत होता. केंद्र, नळा, सगळं गुडुप. दहा मिनिटं कमी असताना फोन वाजला.

"काका," केंद्रातली पोरगी म्हणाली. आवाज रडवेला होता. "काजळी दिसत नाहीये. पाचशे मीटरवरची पाण्याची टाकी दिसतेय, तीही अंधुक. आजच लिहायचं आणि आजच... काय करू?"

काकांनी समोरच्या धुक्याकडे एकदा बघितलं.

"दिसत नाही ना? मग दिसत नाही लिही. पाचशे मीटर. धुकं."

नऊ वाजून पाच मिनिटांनी स्क्रीनवर धुक्याची भिंत आली आणि हेडफोनमध्ये एकच कल्ला उठला. "अहो, मला पंखच दिसत नाहीत!" डॉक्टर ओरडले. ग्रंथपाल बाई धावपट्टी चुकून शेतात उतरल्या आणि हसून हसून बेजार झाल्या. काका एकेकाला दिशा सांगत होते, स्वतःचं विमान सांभाळत होते, घाम पुसत होते. इतकी मजा आणि इतकी धास्ती त्यांना एकाच वेळी कधी आली नव्हती. मग ढगवालीचा आवाज आला. "थांबा, सगळे थांबा! शेजारची दोन केंद्रंही आत्ता धुकंच म्हणतायत. उपग्रहावरही पांढरं आहे. काका, तीन महिन्यांत पहिल्यांदा तुमचं जुळलं!"

"दहाचं बाकी आहे," काका म्हणाले. जीव अजून टांगणीलाच होता.

साडेनऊला गच्चीवर ऊन आलं. दहाला दहा कमी असताना फोन वाजला आणि काकांनी कानाशी नेण्याआधीच पोरीचं ओरडणं खोलीभर ऐकू आलं. "दिसली, काका! काजळी दिसली! कडा कशा कोरल्यासारख्या!"

दहा वाजून पाच मिनिटांनी स्क्रीनवरचं धुकं फाटलं. मैदान उघडं झालं, झाडांची रांग आली, तिच्यापलीकडे लांबवर आभाळ. काकांनी विमान दक्षिणेला वळवलं. टेकाडावर एक काळा ठिपका होता. त्यांचं घर. दोनदा विमानात बसून जे दिसलं नव्हतं ते खिडकीतून समोर होतं. "शेजारी दहा हजार, तुम्ही दहा हजार," ढगवाली म्हणाली. "यादीत आता तेराच." काकांना आभाळ ठेंगणं झालं. ते चष्मा पुसत बसले, म्हणून काकूंनीच हेडफोन काढून घेऊन सगळ्यांना "हो, हो, ऐकलं त्यांनी" असं सांगितलं.

काका अजूनही दर तासाला जिना चढतात. पण आता ढग टिपून झाले तरी लगेच खाली येत नाहीत. विटांवरच्या कुंड्या ओलांडून जातात, शर्टाचं वरचं बटण लावतात, केस सारखे करतात आणि त्या काळ्या भिंतीपाशी उत्तरेकडे तोंड करून दोन मिनिटं ताठ उभे राहतात. काकूंनी एकदा कपडे वाळत घालताना विचारलं, "पाच किलोमीटरवरून तुमचं बटण कोणाला दिसणार आहे?"

"कोणाला नाही," काका म्हणाले. "पण आत्ता केंद्रातली ती पोरगी इकडेच बघतेय."